संगमरवरी गोरसी

फायरप्लेस पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला देवघर वाटली होती. नागपूरला सिव्हिल लाइन्समधला एक जुना बंगला पाडत होते आणि मी तिथे सागवानी दारं बघायला गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची कोरीव चौकट होती आणि आत काळी पोकळी. मी चपला काढून पुढे झालो. बंगला पाडणारा ठेकेदार हसला, म्हणाला की ही साहेब लोकांची शेकोटी आहे, देव नाही. मी ओशाळलो, पण चपला लगेच घातल्या नाहीत. दगडाला हात लावून पाहिला. मे महिना होता, बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं, आणि तो दगड माठासारखा गार होता.

तिथून हे वेड लागलं. आमचं कुटुंब मूळ भंडाऱ्याकडचं. बाबा रेल्वेत फायरमन होते, वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. वाफेची इंजिनं गेल्यावर ते डिझेलवर गेले आणि भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधूनच रिटायर झाले. मी नोकरीच्या मागे लागलो नाही. भिलाईतच खुर्सीपारला एक शेड भाड्याने घेतलं आणि जुन्या लाकडाचा धंदा सुरू केला. खांब, दारं, आरामखुर्च्या, पितळी दिवे. अख्खं भिलाई लोखंडावर जगतं आणि हा लाकडं गोळा करत फिरतो, असं नातेवाईक म्हणायचे. पण रायपूरला नवी हॉटेलं आणि फार्महाऊस उभी राहायला लागली होती आणि त्या लोकांना जुनं काहीतरी हवं असायचं. त्यातही संगमरवरी फायरप्लेस म्हटलं की त्यांचे डोळे चमकायचे.

आमच्या भागात अशा फायरप्लेस फार नाहीत. उन्हाळ्यात भिंतीला हात लावता येत नाही अशा मुलखात कोण कशाला शेकोटी बांधेल? पण इथले काही मालगुजार आणि जमीनदार विलायतेला जाऊन आले होते आणि येताना त्यांनी तिथली हौस आणली. इटलीचा दगड बोटीने मुंबईला, तिथून रेल्वेने, मग बैलगाडीने जंगलातल्या बंगल्यापर्यंत. अशी एखादी चौकट कुठे आहे असं कानावर आलं की मी निघायचो. बहुतेक वेळा निराशा व्हायची. कुठे प्लास्टरवर रंग मारलेला असायचा, कुठे खांब फुटलेले. एके ठिकाणी पोकळीत गॅसचं सिलिंडर ठेवलं होतं. खरा इटालियन दगड ओळखायची माझी एक पद्धत होती. कडेच्या मागे टॉर्च धरायचा. चांगला दगड असेल तर उजेड आतून गुलाबी होऊन येतो, कानाच्या पाळीतून उन्हाचा यावा तसा.

मग एका बंगल्याची माहिती मला ट्रक ड्रायव्हरकडून मिळाली. राजनांदगावच्या पुढे, जंगलाच्या बाजूला एक मराठी मालगुजारांचा बंगला आहे. त्याचा चौकीदार या ड्रायव्हरच्या गावचा, आणि तो म्हणतो की मालकिणीकडे संगमरवराची गोरसी आहे. गोरसी म्हणजे निखारे ठेवायचं मातीचं भांडं. छत्तीसगढात थंडीत ते खाटेखाली किंवा अंगणात ठेवून शेकतात. संगमरवराची गोरसी म्हटल्यावर मी समजायचं ते समजलो.

आई गेल्यापासून बाबा माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून कुठेही यायचे. त्या दिवशीही ते सोबत होते. बंगला एकमजली होता, लाल कौलांचा, पुढे खांबांची पडवी. दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. पांढरी सुती साडी, केस घट्ट बांधलेले, बोलणं शुद्ध आणि जरा जुन्या वळणाचं. राजनांदगावच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि रिटायर होऊन इथेच राहत होत्या. लग्न केलं नव्हतं. चौकीदार आणि त्याची बायको मागच्या खोलीत राहायची. मी काय बघायला आलो ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, बघा, पण ती विकायची नाही.

तशी फायरप्लेस मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. दुधी पांढरा दगड, त्यात अगदी फिकट राखाडी शिरा. वरची फळी एका अखंड तुकड्याची. दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला मेंढ्याची डोकी कोरलेली, शिंगं वळून कानाला टेकलेली. मधल्या पट्टीवर द्राक्षांचे घोस. एकाही द्राक्षाचा टवका उडालेला नव्हता. फक्त डाव्या मेंढ्याचं शिंग गुळगुळीत झालं होतं, कोणीतरी सतत हात फिरवल्यासारखं. समोर दोन वेताच्या खुर्च्या होत्या. एक मोठी, आणि तिच्या समोर दुसरी अगदी लहान, पोराच्या मापाची.

बाई चहाचं सांगायला आत गेल्या. बाबा पडवीत पाय मोकळे करत होते. मी गुडघ्यांवर बसून आतल्या विटा बघायला पोकळीत हात घातला. तेव्हा मला श्वास ऐकू आला. नाक चोंदलेल्या लहान मुलाचा असतो तसा, जरा घरघरणारा, आत आणि बाहेर. फार जवळून. मी हात काढून घेतला. वर धुराड्यात पारवे असतील किंवा वारा घुमत असेल, असं मनाला सांगितलं आणि उठून उभा राहिलो. बाई दारात होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. चहा घेताना बाबांनी आपली पिशवी त्या लहान खुर्चीवर ठेवली, तेव्हा बाईंनी ती उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली, अगदी सहज, जणू तिथे कोणी बसलंय.

त्यानंतर काही वर्षं मी तिथे जात राहिलो. राजनांदगावकडे कामाने गेलो की गाडी आपोआप तिकडे वळायची. दर वेळी मी विषय काढायचो, दर वेळी त्या नाही म्हणायच्या, आणि मग आम्ही तिघं इतर गोष्टी बोलत बसायचो. मधल्या काळात मी दुसऱ्या बऱ्याच फायरप्लेस पाहिल्या, दोन-चार काढून विकल्याही. पण प्रत्येकीत मला काहीतरी कमी दिसायचं. जेवताना बायको काही सांगत असायची आणि मी ताटाच्या कडेवर बोटाने ती मेंढ्याची शिंगं काढत असायचो. ती एकदा चिडून म्हणाली की त्या बंगल्यात तुमचं काय अडकलंय ते घेऊन या एकदाचं. मला तिला सांगता आलं नाही की मला फक्त दगड हवा आहे की तो आवाज पुन्हा ऐकायचा आहे, हे मलाच कळत नव्हतं. तो मला परत कधी ऐकू आला नाही. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की मी आपोआप हळू बोलायला लागायचो, कोणी झोपलं असल्यासारखं.

शेवटी प्रश्न बाबांनी विचारला. हिवाळ्याची दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाबा बराच वेळ त्या काळ्या विटांकडे पाहत होते.

"बाई," ते म्हणाले, "याच्यात आग कधी पेटवली होती का?"

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "एकदाच."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज कुठे चढला नाही की अडखळला नाही, वर्गात धडा समजावून द्यावा तशा बोलत होत्या. बंगला त्यांच्या आजोबांनी बांधला. फायरप्लेस हौसेची होती. धुराड्यात मधमाश्यांनी पोळं धरलं म्हणून ते फार आधीच बंद करून टाकलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. बाई सात-आठ वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ आजारी पडला. पौषातली थंडी, पोराला ताप आणि सर्दी. वडील नागपूरला गेले होते. पोर थंडीने कुडकुडतंय म्हणून आईने दिवाणखान्यात गादी घालायला सांगितली, कारण त्या खोलीला दारं जाड होती. सांभाळायला एक नवी बाई ठेवली होती, जवळच्याच गावातली. धुराडं बंद आहे हे बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने एवढी छान गोरसी भिंतीत पाहिली, निखारे आणून त्यात भरले आणि वारा लागू नये म्हणून दारंखिडक्या लावून घेतल्या. बाई आधी भावाजवळच झोपल्या होत्या, पण खोकला यायला लागला म्हणून आईने झोपेतच त्यांना उचलून आपल्या खोलीत नेलं, भिंतीकडे पाहिलं नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा ती नवी बाई आणि भाऊ दोघंही शांत झोपल्यासारखे पडले होते. पोराचा हात मेंढ्याच्या शिंगाकडे गेलेला. ते शिंग धरून उभं राहायला तो शिकला होता.

"आईने ही खोली बंद केली," बाई म्हणाल्या. "ती गेल्यावर मी उघडली. संध्याकाळी मी इथे बसते. तो असतो समोर. बोलत नाही. सर्दी झालेली होती ना, त्याचा श्वास ऐकू येतो तेवढा."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खाली बघत होतो. आम्ही परत निघालो. दुर्ग आलं, पुढे भिलाईवरचं आभाळ लाल दिसायला लागलं, पोलाद कारखान्यात भट्टीतली धातुमळी ओतत असणार. बाबांनी काच वर घेतली. त्यानंतर मी बाईंकडे फायरप्लेसचा विषय काढला नाही.

विषय त्यांनीच काढला. एके सकाळी त्यांचा फोन आला. बंगल्याची मागची भिंत पावसात खचली होती. पुण्यातल्या भाच्याने, मोठ्या भावाच्या मुलाने, जमीन विकायचं ठरवलं होतं, आणि बाईंनी भिलाईला भाचीकडे राहायला यावं असं सगळ्यांचं ठरलं होतं. भाचीचा नवरा प्लांटमध्ये होता, सेक्टर सहाला त्यांचं क्वार्टर होतं. बाई म्हणाल्या, "मी येते. पण त्याला इथे ठेवून कशी येऊ? तुम्ही ती काढून तुमच्याकडे न्या. मी असेपर्यंत विकू नका. मला रिक्षाने येता येईल एवढ्या अंतरावर असू द्या, बस." मी हो म्हणालो. इतकी वर्षं जिच्यासाठी फिरलो ती फायरप्लेस माझ्या शेडमध्ये येणार होती, आणि मला आनंद झाला नाही.

मी माझी नेहमीची दोन माणसं आणि बाबांना घेऊन गेलो. बाई आदल्या दिवशीच भाचीसोबत भिलाईला गेल्या होत्या, काढताना बघणं त्यांना नको होतं. फायरप्लेस नेहमी वरून खाली काढायची. आधी वरची फळी, मग पट्टी, शेवटी खांब. दगड भिंतीला लोखंडी आकड्यांनी धरलेला असतो, त्यांना गंज चढला की दगड तडकतो. मी करवतीचं पातं फटीत घालून एकेक आकडा स्वतः कापला. कोणाला हात लावू दिला नाही. दगड गोधड्यांत गुंडाळून गाडीत चढला, तेव्हा भिंतीत मोठं भगदाड उरलं. मी टॉर्च घेऊन आत वाकलो आणि वर पाहिलं. डोक्याच्या उंचीवरच धुराडं बंद होतं. एक जाड काळी फरशी आडवी बसवलेली, चारही बाजूंनी चुना भरलेला, कुठे बोटभरही फट नाही. तिथे पारवा शिरू शकत नव्हता. वारा शिरू शकत नव्हता.

माझा चेहरा बघून बाबांनी विचारलं, "कावून रे, का झालं?"

मी त्यांना त्या पहिल्या दिवसाचं सांगितलं. तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडीकडे चालायला लागले. पायरीवर थांबून म्हणाले, "मले बी आयकू आलं होतं. पिशवी ठेवली ना त्या खुर्चीवर, तवाच. म्हणून तं बाईनं पिशवी उचलली तवा म्या काही म्हटलं नाही."

शेडमध्ये मागच्या भिंतीशी मी ती उभी केली. लाकडी फळ्यांचा आधार देऊन, जशी होती तशी, समोर दोन खुर्च्या मांडून. माझी माणसं तिच्यासमोर बसून डबा खायची, त्यांना काही वाटायचं नाही. मी दुपारी एकटा असलो की जाऊन बसायचो. दगड सुंदर होता. शेडच्या पत्र्यातून येणारा उजेड त्यावर पडायचा आणि द्राक्षं ओली असल्यासारखी दिसायची. पण समोर नुसता दगड होता. हॉटेलच्या लॉबीत असतो तसा.

बाई आठवड्याभराने आल्या. भाचीने त्यांना रिक्षातून हात धरून उतरवलं. भाची चांगली होती, पण हा काय प्रकार आहे असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. बाई मोठ्या खुर्चीत बसल्या. शेजारच्या गाळ्यात लेथ मशीन चालू होती, पुढे रस्त्यावर सळया उतरवत होते. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी जाऊन जरा वेळ मशीन बंद ठेवायला सांगितलं. त्याने कारण न विचारता बटण दाबलं. सळयावालेही तेवढ्यात चहाला गेले. खुर्सीपारला दिवसा इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाबा दारातल्या स्टुलावर बसले होते. भाची उभीच होती.

बाई खूप वेळ बसल्या. मग त्यांनी पुढे होऊन मेंढ्याच्या शिंगावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

"तो इथे नाही," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी मान हलवली. "तुमची काही चूक नाही. मीच सांगितलं होतं. मला वाटायचं तो या दगडापाशी आहे. तुम्ही दगड नीट आणलात. तो तिथेच राहिला."

भाची म्हणाली की मावशी, आता घरी चला, दमलात तुम्ही. बाई उठल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या की त्यांना बंगल्यावर जायचं आहे. उद्या नाही, आज. भाचीने समजावलं, मग रागावली, मग रडली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण ऐकलं नाही. शेवटी बाबाच उठले. "चाल," ते मला म्हणाले, "गाडी काढ. लेकरू एकटं हाये तिथं."

वाटेत बाई मागच्या सीटवर ताठ बसून होत्या, परीक्षेचा निकाल आणायला निघाल्यासारख्या. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. चौकीदार धावत आला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि थेट दिवाणखान्यात गेल्या. खोली रिकामी होती, खुर्च्या माझ्या शेडमध्ये. भिंतीत ते भगदाड होतं, कडेच्या विटा तुटलेल्या, खाली चुन्याचा भुगा. मला ते बघवेना. बाई त्या भुग्यातच जमिनीवर बसल्या, भगदाडासमोर, हात गुडघ्यांभोवती घालून. इतका वेळ मुख्याध्यापिका असलेल्या बाई एकदम लहान दिसायला लागल्या.

बाबा आणि मी दारात उभे होतो. काय ऐकू येतंय ते कळू नये म्हणून मी जाणूनबुजून खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने बाईंनी मान वळवली. डोळे ओले होते, पण त्या हसत होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "उलट आता जास्त जवळ आहे. दगड मधे होता इतके दिवस."

बाई परत भिलाईला आल्याच नाहीत. पुण्याहून भाच्याचे फोन आले, मलाही आले. म्हातारीला भरीस घालायला तुम्हाला काय अधिकार, असं तो म्हणाला. मी ऐकून घेतलं. जमिनीचा व्यवहार त्याने पुढे ढकलला, एवढं मात्र केलं. चौकीदाराने खचलेल्या भिंतीला बांबूचा टेकू दिला. मी खुर्च्या परत नेऊन दिल्या आणि फायरप्लेस परत बसवून देतो म्हणालो. बाई नको म्हणाल्या. ती आता मोकळी आहे, हव्या त्या माणसाला द्या, असं म्हणाल्या. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत आम्ही पुष्कळदा जाऊन आलो. त्या बऱ्या दिसायच्या, उलट थोड्या भरल्या होत्या. चौकीदाराच्या बायकोला त्या अक्षरं शिकवायच्या, त्याच खोलीत, भगदाडासमोर चटई टाकून. ती कधी घाबरली नाही. मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली की लइका हरे, लहान मूल आहे, त्याला काय भ्यायचं.

बाई एका थंडीत गेल्या. चौकीदाराने सकाळी फोन केला. रात्री नेहमीसारख्या जेवल्या, थोडा वेळ भगदाडासमोर बसते म्हणाल्या, सकाळी तिथेच खुर्चीत होत्या. शालीचं एक टोक त्यांनी लहान खुर्चीवर टाकलं होतं. चौकीदाराने ते तसंच ठेवलं होतं, आम्ही बघावं म्हणून. बाबांनी ते टोक काढून त्यांच्या अंगावर नीट घातलं. भाची आली, भाचा विमानाने आला. भाचा माझ्याशी बोलला नाही. अग्नी त्यानेच दिला.

पुढच्या उन्हाळ्यात बंगला पाडायला घेतला. ज्याने पाडायचं काम घेतलं तो माझ्या ओळखीचा होता. दारं-खिडक्या तुम्हीच घेऊन जा असं त्याने कळवलं. आम्ही गेलो तेव्हा कौलं उतरवली होती आणि दिवाणखान्यावर उघडं आभाळ होतं. भगदाडाची भिंत अजून उभी होती. मला आत पाय टाकवेना. बाबा गेले. मजुरांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं आणि एकटेच त्या भिंतीसमोर उभे राहिले, पाठमोरे, टोपी हातात. ते किती वेळ उभे होते मला सांगता येणार नाही. मजूर विड्या ओढत होते, कोणीतरी मोबाइलवर गाणं लावलं होतं ते बंद केलं. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी विचारलं, काही ऐकू आलं का?

ते गाडीत बसले, दार लावलं, आणि म्हणाले, "चाल."

नंतरही मी त्यांना दोन-तीनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, "तुले काय करायचं हाये?" एकदा नुसते हसले. दारं-खिडक्या मी आणल्या नाहीत. बाबांना जाऊनही आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते बेशुद्धीत बोलायचे, इंजिन, सिग्नल, आईचं नाव, पण त्या भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. ते जे काही होतं ते सोबत घेऊन गेले.

फायरप्लेस बराच काळ शेडमध्ये पडून होती. मग रायपूरच्या एका डॉक्टर नवराबायकोंनी घेतली. त्यांच्या नव्या घरात ती छान दिसते. त्यांनी पोकळीत पितळी घागर ठेवली आहे. मी बसवायला गेलो होतो, सगळं झाल्यावर त्यांच्या खोलीत जरा वेळ एकटा थांबलो. एसीची घरघर होती, बाकी काही नव्हतं.

धंदा मी सोडलेला नाही. अजूनही कुठून तरी फोटो येतो आणि मी निघतो. फक्त एक बदल झाला. आता मी काढायला जाताना सोबत गवंडी नेतो. दगड गाडीत चढला की भिंतीतलं भगदाड विटांनी भरून घेतो, वर गिलावा करून घेतो, आणि तो होईपर्यंत हलत नाही. मालक म्हणतात की उद्या भिंतच पाडायची आहे, कशाला त्रास घेता. मी म्हणतो, धूळ येते आत. मागे कोणी राहिलं असेल तर ते उघड्यावर नको, हे बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात पचमढीला गेलो होतो. जुना बंगला, रिकामा, पाडायला काढलेला. फायरप्लेस साधीच होती, पण दगड चांगला. घरमालक तरुण होता, बंगला त्याने नुकताच विकत घेतला होता. मी त्याला विचारलं की इथे आधी कोण राहायचं, या शेकोटीपाशी कोण बसायचं. त्याला माहीत नव्हतं. त्याला कशाला माहीत असणार? दगड निघाला, गवंड्याने विटा लावायला घेतल्या. मालक गाडीची किल्ली फिरवत दारात उभा होता, थोड्या वेळाने कंटाळून निघून गेला. माझी माणसं म्हणाली, साहेब, आपणही निघू, घाटात अंधार होईल. मी त्यांना गाडीत बसायला सांगितलं आणि गवंड्याशेजारी उकिडवा बसलो. तो एकेक वीट ठेवत होता. मी त्याला चुना देत होतो.